पंधराशेचं टायमिंग सोळाशेला लावू नका

कॉलेजच्या स्पर्धेत पंधराशे मीटर, पोलीस भरतीत सोळाशे. शंभर मीटरनं काय होतंय, म्हणून शिरूर-दौंडकडची बरीच पोरं दोन्हींचं टायमिंग एकच धरून बसतात. गुण जातात ते इथंच. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० एकट्या सोळाशेचे, आणि पूर्ण २० हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. पंधराशे ५.०५ ला मारणारा पोरगा "आपलं निघतंय" म्हणत निवांत असतो. त्याचं सोळाशे ५.२६ च्या आसपास जातं.

पंधराशेच्या वेळेचे सेकंद करा आणि १.०७ नं गुणा. ४.५० म्हणजे २९० सेकंद. गुणून आले ३१०. म्हणजे पंधराशे ४.५० ला बसलं, तरी सोळाशेला तुम्ही ५.१० च्या काठावरच. हिशाम एल गेरूजसारख्या धावपटूचाही पंधराशेचा विक्रम ३.२६.०० आणि मैलाचा ३.४३.१३ आहे, वाढलेल्या अंतरानं त्याच्याकडूनही सतरा सेकंद घेतलेच. मैल आणि सोळाशे मात्र जवळजवळ सारखंच, तुमच्या वेगाला दोन सेकंदांचाही फरक नाही. मुलींचं त्या मानानं बरं: शाळेतली आठशे तीच भरतीतली आठशे.

आता लेनचं बघा. चारशेच्या ट्रॅकवर चार राउंड म्हणजे सोळाशे, पण ते पहिल्या लेनमधून. दुसऱ्या लेनमध्ये दर राउंडला सात मीटर वाढतात; चार राउंडचे अठ्ठावीस, म्हणजे पाच सेकंद फुकट गेले. घोळक्यात वळणावर बाहेरून कुणाला मागं टाकायला जाऊ नका, सरळ पट्टीवर टाका. आणि न्हावऱ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चुकवत मोबाईलवर मोजलेलं १.६ किलोमीटर खरं धरू नका. एकदा टेप लावून अंतर मोजा, दगडाला चुना मारा, मग घड्याळ लावा.

दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट ५ आणि ७ आहेत. त्या भरतीला धावणं ५ किलोमीटर. सोळाशेचे ५.१० सरळ पटीत वाढवले तर १६.०९ येतात, कागदावर झकास. खरं धावताना सव्वासतरा लागले तरी नवल नाही, आणि नुसता सोळाशेचाच सराव असेल तर त्याहून जास्त. तिथं गुणाकार करत बसू नका. फॉर्म भरायच्या आधी दोन-तीनदा पूर्ण पाच किलोमीटर धावून बघा.