तरंगत्या वनस्पतींचा बंदोबस्त

परसातील हौदास शोभा यावी या हेतूने गोंडाळाची अथवा जलपर्णीची चार रोपे आणून पाण्यावर सोडणाऱ्या गृहस्थास पुढे कित्येक दिवस काहीच करावे लागत नाही. आणि या सुखावह निष्क्रियतेतच पुढील साऱ्या अनर्थाचे मूळ आहे, असे माझे मत आहे. इतर झाडांची निगा म्हणजे त्यांना वाढवणे. तरंगत्या वनस्पतींची निगा मात्र मुख्यत्वे त्यांना वेळीच काढण्यात आहे.

या वनस्पती आपले अन्न मातीतून न घेता थेट पाण्यातून घेतात, माशांच्या विष्ठेतून व कुजल्या पाचोळ्यातून पाण्यात उतरलेले नत्र आणि स्फुरद शोषून शेवाळाचा शिधाच तोडतात, आणि वैशाखातील उन्हात पाण्यावर सावली धरतात, हा त्यांचा उपकार निर्विवाद आहे. परंतु अनुकूल हवामानात जलपर्णी अवघ्या दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. आणि हौदाचे तोंड पानांनी पुरते झाकले गेले, की हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळणे खुंटते व पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. सबब निदान एक तृतीयांश पृष्ठभाग सदैव मोकळा राखावा.

गोंडाळाचे पान निरखून पाहावे. त्यावरील मखमली लव इतकी दाट, की थेंब पाऱ्यासारखा घरंगळून जातो. तथापि हाच गड्डा कारंज्याच्या माऱ्याखाली अहोरात्र भिजत राहिला, तर गाभ्यातून कुजू लागतो. त्यास संथ पाण्याचा कोपरा द्यावा, पिवळी पाने बुडून कुजण्यापूर्वीच खुडावीत, आणि नवे रोप आणल्यास त्याच्या मुळांच्या जटेत गोगलगायींची बुळबुळीत अंडी दडलेली असतात, हे जाणून ते प्रथम काही दिवस निराळ्या घमेल्यात ठेवावे.

खरा प्रश्न काढलेल्या रोपांच्या विल्हेवाटीचा आहे. मूळची दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निळ्या-जांभळ्या फुलांच्या मोहापायी बंगालमध्ये आणली गेली, आणि 1936 साली तिच्या निर्मूलनार्थ तेथील सरकारास स्वतंत्र कायदा करावा लागला. आज पुण्याच्या मुळा-मुठेवर आणि पवनेवर तीच हिरवी चादर पसरते. ती पोसते नदीत सोडलेल्या मैलापाण्यावर, आणि तो दोष नगरप्रशासनाचाच आहे; परंतु म्हणून हौसेने वाढवलेली रोपे मागच्या ओढ्यात भिरकावण्याचा परवाना नागरिकास मिळत नाही. काढलेली रोपे फरशीवर कडक वाळवावीत व मगच खतखड्ड्यात घालावीत. फुले सुकण्याआधीच खुडावीत, कारण चिखलात पडलेले बी कित्येक वर्षे जिवंत राहते. आणि मृगापूर्वी हौदाच्या सांडव्यावर बारीक जाळी बसवावी, म्हणजे भरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर रोपे हद्दीबाहेर जाणार नाहीत.

इतका बंदोबस्त ज्यास जमणार नाही, त्याने कुंडीत लावलेल्या कुमुदावर समाधान मानावे. रोपवाटिकांनी तर जलपर्णीची विक्रीच बंद करावी. एका हौदाच्या शोभेसाठी साऱ्या गावच्या नदीस जामीन ठेवण्याचा अधिकार विकणाऱ्यास नाही आणि विकत घेणाऱ्यासही नाही.

— परसदार