विश्लेषण : समुद्रतळाशी फुटलेली तेलविहीर बंद करायला महिने का लागतात? गुहागरच्या किनाऱ्याला चिंता कशाची?

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातील तेल आणि वायूच्या शोधासाठी राष्ट्रीय मोहीम जाहीर केली. मुंबई हायच्या उथळ पाण्यात अर्धशतक काढलेला देश आता खोल पाण्याकडे वळतो आहे. कोकणाला हा विषय परका नाही. मुंबईच्या समुद्री खोऱ्याचा दक्षिणेकडील भाग भूगर्भशास्त्रात ‘रत्नागिरी ब्लॉक’ म्हणूनच ओळखला जातो. अशा समुद्रात एखादी विहीर फुटली, तर ती किती दिवसांत बंद होईल? जगभरातील अनुभव पाहता उत्तर दिवसांत नव्हे, महिन्यांत मिळते.

विहीर ‘फुटते’ म्हणजे काय होते?

समुद्रतळाखाली हजारो मीटरवर तेल आणि वायू प्रचंड दाबाखाली अडकलेले असतात. खोदकाम करताना विहिरीत ‘ड्रिलिंग मड’ हा जड चिखल भरलेला असतो. त्याच्या वजनाने तेल खाली दाबून धरले जाते. दुसरा अडसर सिमेंटचा आणि तिसरा ‘ब्लोआऊट प्रिव्हेंटर’चा, म्हणजेच बीओपीचा. विहिरीच्या तोंडावर एकावर एक बसवलेल्या अवजड झडपांचा हा मनोरा असतो. गरज पडल्यास खोदकामाचा पाइप कापून तोंड बंद करणारी पातीही त्यात असतात. हे तिन्ही अडसर निकामी झाले की तेल आणि वायू उसळून वर येतात.

खोलीमुळे नेमके काय अवघड होते?

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर स्फोट झाला. ११ कामगारांचा मृत्यू झाला. विहिरीचे तोंड सुमारे १,५०० मीटर खोल होते. तिथे पाण्याचा दाब पृष्ठभागावरील हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशे पट असतो. पाणबुडे तिथे जाऊच शकत नाहीत. सारे काम वर जहाजावर बसून, कॅमेऱ्यात पाहत, यंत्रमानवांच्या हातांनी करावे लागते.

पाइप वाकल्यामुळे बीओपीची पाती त्याला नीट कापू शकली नाहीत. मग गळतीवर पोलादी घुमट उतरवण्यात आला. पण थंड पाणी आणि दाबामुळे वायूचे बर्फासारखे स्फटिक तयार झाले आणि घुमटाचा मार्ग तुंबला. मे महिन्याच्या अखेरीस विहिरीत वरून जड चिखल आणि रबराचे तुकडे रेटण्याचा प्रयत्न झाला. उसळत्या प्रवाहाने तेही बाहेर फेकले. अखेर १५ जुलै रोजी, ८७व्या दिवशी, नव्याने बसवलेल्या झाकणाने गळती थांबली.

झाकण बसले की काम संपते का?

नाही. झाकण एकदम घट्ट बंद केले आणि आतली नळी कमकुवत असली, तर तेल बाजूच्या खडकातून वाट काढू शकते. मग समुद्रतळालाच भेगा पडतात आणि तिथे कोणतेही झाकण चालत नाही. म्हणून दाब मोजत, टप्प्याटप्प्याने झडपा बंद कराव्या लागतात.

कायमचा उपाय म्हणजे ‘रिलीफ वेल’. काही अंतरावरून दुसरी विहीर तिरकी खोदत मूळ विहिरीच्या तळाशी गाठायची आणि तिथून चिखल व सिमेंट भरायचे. मेक्सिकोच्या आखातात हे लक्ष्य समुद्राच्या पृष्ठभागापासून पाच किलोमीटरहून अधिक खोल होते आणि वीतभरही रुंद नव्हते. मे महिन्यात सुरू केलेले हे काम १९ सप्टेंबरला पूर्ण झाले.

उथळ समुद्रात तरी हे सोपे असते का?

मुंबई हाय परिसरात पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे. ऑस्ट्रेलियाजवळील तिमोर समुद्रात २१ ऑगस्ट २००९ रोजी फुटलेली ‘मोंटारा’ विहीरही जवळपास तेवढ्याच पाण्यात होती. तिची गळती थांबायला ७४ दिवस लागले. रिलीफ वेल पाचव्या प्रयत्नात मूळ विहिरीला भिडली.

जमिनीवरही घाई चालत नाही. आसाममधील बागजान येथे २७ मे २०२० रोजी उसळलेली वायूविहीर १५ नोव्हेंबरला पूर्णपणे शमली. मुंबई हायमध्ये जुलै १९८२ मध्ये ‘सागर विकास’ रिगवर विहिरीचा उद्रेक झाला होता. म्हणजे हा धोका आपल्याकडे केवळ कागदावरचा नाही.

पावसाळ्याचा अडथळा किती?

अरबी समुद्रात हाच कळीचा मुद्दा आहे. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थ येथे खवळलेल्या समुद्रात ‘समुद्र सुरक्षा’ जहाज तेलफलाटावर आदळले. वायूगळती होऊन आग लागली आणि २२ जणांचा बळी गेला. गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथे लाटारोधक बांध अपुरा असल्याने एलएनजी टर्मिनलवर अनेक वर्षे पावसाळ्यात जहाजे लावता येत नव्हती. किनाऱ्यालगत ही स्थिती, तर भर समुद्रात झाकण उतरवणाऱ्या जहाजाला एका जागी स्थिर राहणे किती कठीण असेल, याचा अंदाज येतो. एप्रिल-मे महिन्यात गळती सुरू झाली, तर दुरुस्तीचे दिवस नेमके पावसाळ्यात येतील. त्याच काळात नैर्ऋत्येचे वारे तेल किनाऱ्याकडे ढकलतात.

गुहागरचे काय पणाला लागेल?

सप्टेंबर २०२२ मध्ये रत्नागिरीच्या पश्चिमेला डांबर घेऊन निघालेले ‘पार्थ’ जहाज संकटात सापडले. तटरक्षक दलाने १९ जणांना वाचवले आणि किनाऱ्यावर तेलगळतीची धास्ती पसरली. पण जहाजातील माल मोजका असतो. विहीर मात्र बंद होईपर्यंत वाहतच राहते.

वेलदूर, असगोलीच्या मच्छीमारांचे पोट याच पाण्यावर आहे. दाभोळच्या खाडीतील कांदळवनात तेल शिरले, तर ते वाळूवरच्या डांबरगोळ्यांसारखे गोळा करता येत नाही. गुहागरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. ओडिशात २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेले एक कासव जानेवारी २०२५ मध्ये इथेच अंडी घालताना आढळले.

मोंटाराच्या तेलामुळे इंडोनेशियातील समुद्रशेवाळाची शेती बुडाली. तिथल्या १५ हजारांहून अधिक शेतकऱ्यांना १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड मिळायला २०२२ साल उजाडले. गळती ७४ दिवसांत थांबली, भरपाईला १३ वर्षे लागली.

तयारी काय हवी?

तेलगळती रोखण्याच्या राष्ट्रीय आराखड्यानुसार समन्वयाची जबाबदारी भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था तेलाचा तवंग कुठे सरकेल याचा अंदाज देते. पण ही तयारी तेल पाण्यात आल्यानंतरची आहे. विहिरीचे तोंड बंद करण्यासाठी झाकण आणि रिलीफ वेलसाठी दुसरी रिग लागते. २०१० नंतर तेल कंपन्यांनी अशी झाकणे नॉर्वे, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि सिंगापूर येथे सज्ज ठेवली. ती आणायची, तपासायची आणि उतरवायची, तर आठवडे जातात. त्यामुळे खोदकामाची परवानगी देतानाच तीन प्रश्नांची उत्तरे हवीत : झाकण कुठून येणार, दुसरी रिग किती दिवसांत पोहोचणार आणि जूनमध्ये समुद्र खवळला तर काय करणार? शिवाय, मासेमारी बंद पडली तर भरपाई कोण आणि किती दिवसांत देणार, हेही किनाऱ्यावरच्या लोकांना आधीच कळायला हवे.