मे महिन्यात पिवळं पडणारं गवत लावा

ग्वाल्हेरात घरापुढे हिरवळ करायची असेल तर साधी हरळी लावा. इथं आम्ही तिला दूब म्हणतो. गणपतीला वाहतो त्या दूर्वा त्याच. नर्सरीतून चौकोनी तुकड्यांत येणारं मेक्सिकन किंवा कोरियन गवत आपल्या उन्हाळ्याला, आपल्या पाण्याला आणि अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पायांना पुरं पडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. माझी उभी नोकरी जीवशास्त्र शिकवण्यात गेली आणि महाराज बाड्यामागच्या आमच्या वाड्याच्या चौकात मी अजूनही गवत राखते, त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांना लॉनची गरज कधी पडली नाही. चौकात फरशी असायची, कडेला तुळस, पारिजातक आणि दूर्वांचा एक तुकडा, झालं. आता पुढची पिढी कॉलनीतल्या बंगल्यांत गेली. तिथं फाटकाच्या आत चार मोटारी मावतील एवढी जागा रिकामी सुटते आणि ती हिरवी करायची सगळ्यांनाच घाई असते. मॅरेज गार्डनमध्ये एका रात्रीत अंथरलेला हिरवा गालिचा सगळ्यांनी पाहिलेला असतो, तसंच घरी हवं असतं. नर्सरीवालाही सांगतो, "मॅडम, बिछाते ही हरा." त्याचं खोटं नाही, अंथरल्या दिवशी ते हिरवंच असतं.

माझ्या भाच्याने असंच मेक्सिकन गवत अंथरून घेतलं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यावर भाकरीएवढे तपकिरी चट्टे पडले, तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं. मी खुरप्याने एक कोपरा उचलला. खालची पांढरी मुळं पेरभर खाली जाऊन थांबली होती आणि आडवी पसरली होती, कारण त्याखाली माती नव्हतीच. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, वाळूची पुटं आणि गुटख्याच्या पुड्या होत्या. घर बांधून झाल्यावर उरलेला मलबा ठेकेदाराने तिथंच पसरला होता, वर दोन बोटं माती टाकली होती आणि त्यावर गवत अंथरलं होतं. तिथं कोणतंही गवत टिकलं नसतं. पण मेक्सिकन गवत मुळातच सावकाश वाढतं, एकदा चट्टा पडला की तो भरून यायला त्याला महिनेच्या महिने लागतात. दूब पंधरा दिवसांत धावे सोडून कडेने आत शिरते.

या गवताला मेक्सिकन नाव कुणी दिलं कोण जाणे. ते झॉयसिया जातीचं आहे आणि त्या जातीची लॉनची गवतं आशियाच्या पूर्व टोकाकडची आहेत. त्याचे गुणही सांगायला हवेत. ते दाट असतं, वरचेवर कापावं लागत नाही आणि अर्ध्या सावलीत दुबेपेक्षा बरं राहतं. ज्यांच्या अंगणात दुपारनंतर शेजारच्या इमारतीची सावली पडते त्यांनी ते लावलं तर मी अडवणार नाही. रुंद पानांचं कार्पेट गवत मात्र इथं लावूच नका. त्याला दमट हवा आणि सतत ओल लागते. ते कोकणात शोभतं, बेंगळुरूत शोभतं.

मुख्य प्रश्न पाण्याचा आहे. हजार-अकराशे चौरस फुटांचं लॉन म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी द्यायचं तर एक लिटर लागतं. पारा ४५च्या वर जातो आणि लू वाहते त्या दिवसांत गवत हिरवं ठेवायचं म्हणजे रोज निदान ५ मिलिमीटर पाणी, म्हणजे ५०० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. एक मध्यम लॉन जवळजवळ चार माणसांचं पाणी पितं, आणि तेही मे महिन्यात.

आपलं पाणी मुख्यतः तिघऱ्याचं. सांक नदीवरचा हा बांध १९१६ साली झाला. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे पुढे इथंही बसवले होते. तेव्हाच्या ग्वाल्हेरला पुरणारं ते पाणी आजच्या शहराला कसं पुरणार? ज्या वर्षी पाऊस हात आखडतो त्या वर्षी नळाला एक दिवसाआड पाणी येतं. अशा शहरात गच्चीवरची टाकी भरून ती पाइपने गवतावर रिकामी करणं मला मनापासून खटकतं. बोअरचं पाणी आहे म्हणून हवं तेवढं सोडा, हेही पटत नाही. जमिनीखालचं पाणी आपल्या एकट्याच्या कुंपणातलं नसतं.

दूब इथं वेगळी ठरते. तिचे धावे जमिनीवरून सरपटतात आणि पेरापेराला मुळं सोडतात. शिवाय जमिनीखाली जाड, पांढरट खोडं असतात, त्यांत तिचा अन्नसाठा असतो. पाणी तोडलं की पानं वाळतात, लॉन पिवळं दिसतं, पण खालचं खोड जिवंत असतं. दहा-बारा दिवसांनी एकदा खोलवर भिजेल इतकं पाणी दिलं तरी ते तग धरतं, आणि आषाढातल्या पहिल्या चांगल्या पावसानंतर आठवड्याभरात हिरवे कोंब वर येतात. पौष-माघात पारा तीन-चार अंशांवर उतरला की ती पुन्हा पिवळी पडते, कारण ती उष्ण हवेत वाढणारी आहे. तेव्हा घाबरून युरिया टाकणारे पुष्कळ आहेत. झोपलेलं गवत खत घेत नाही, पैसे मातीत जातात. काहीजण ऑक्टोबरात वर राय गवताचं बी पेरतात. हिवाळाभर छान हिरवं दिसतं, क्लबांना ते परवडतं. पण एप्रिलमध्ये राय मरता मरता दुबेचं ऊन आणि पाणी खाऊन जातं.

दूब म्हणजे गावठी, रानटी, असं मानणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने याच दुबेचा तिच्या आफ्रिकी बहिणीशी संकर करून लॉनसाठी वाण काढले. त्यातला १९६०चा टिफवे आजही जगभरच्या गोल्फ आणि फुटबॉलच्या मैदानांवर आहे. ज्या शहराने कॅप्टन रूपसिंगांना आपलं म्हटलं, त्यांचं नाव स्टेडियमला दिलं, त्या शहराला गवताच्या मैदानाची किंमत सांगायला नको. त्यांनी १९३२ आणि १९३६ची ऑलिंपिक सुवर्णपदकं गवतावरच्या हॉकीतच मिळवली.

लावायचं कसं, हे नीट सांगते, कारण चुका इथंच होतात. पाऊस सुरू व्हायच्या आधी जागा फूटभर खणा. मलबा निघेल तेवढा काढा, अगदी चाळणीने चाळून काढा. तीन-चार वर्षांच्या निवांतपणासाठी हे एकदाच करायचं काम आहे. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला, काळं, भुसभुशीत, वास न येणारं. कच्च्या शेणाला उधई आणि हुमणी लागते. मग सपाट करून पाणी द्या आणि थांबा. दहा-पंधरा दिवसांत तण वर येईल, ते उपटा, पुन्हा पाणी द्या, पुन्हा उपटा. मोथ्यावर विशेष लक्ष ठेवा. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. नुसतं पान खुडलं तर दुसऱ्या गाठीतून तो वर येतो. ओल्या जमिनीत खुरपं खोल घालून गाठीसकट काढावा लागतो. माळी या थांबण्याला नेहमी कुरकुरतात, त्यांना रोज संपवायचा असतो. तुम्ही ऐकू नका.

त्यानंतर दुबेच्या मुळासकट काड्या चार-चार बोटांवर, दोन तरी पेरं मातीत जातील अशा दाबून लावा. जागा मोठी असेल तर काड्यांचे तुकडे करून शेण-मातीच्या पातळ काल्यात कालवून पसरतात, तेही चालतं. पावसाळा संपेपर्यंत जमीन झाकली जाते.

पुढची निगा सोपी आहे. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. उन्हाळ्यात गवत थोडं उंच ठेवायचं, म्हणजे माती तापत नाही. युरिया पावसाळ्यात, हलक्या हाताने, आणि लगेच पाणी. नाहीतर पानं करपतात. पाणी पहाटे, आणि रोज थोडं देण्यापेक्षा काही दिवसांनी भरपूर.

दुबेचे दोषही मला ठाऊक आहेत. ती फुलांच्या वाफ्यात घुसते, विटांच्या सांध्यांतून निघते. त्यासाठी लॉनच्या कडेला वीतभर खोल फरशी उभी गाडावी आणि महिन्यातून एकदा कडा खुरप्याने कापाव्यात. सावलीत मात्र ती येत नाही, सहा तास ऊन तिला लागतंच. कडुनिंबाखाली गवताचा हट्ट कशाला? तिथं आपला ग्वाल्हेरी दगड सांधे मोकळे ठेवून बसवा. पावसाचं पाणी मुरेल आणि बसायला गार जागा होईल.

दूब लावा आणि पाणी जपा, हेच मी शहराच्या चौकांबद्दलही म्हणेन. महाराज बाड्यावर जीवाजीराव महाराजांच्या पुतळ्याभोवतीची गोल बाग असो की दुभाजकांमधल्या पट्ट्या, तिथं नागरिकांचं पाणी आणि नागरिकांचाच पैसा जातो. ठेके देताना करारात गवताची जात लिहावी, मातीची खोली लिहावी आणि उन्हाळ्यातलं पाणी किती तेही लिहावं. मे महिन्यात बाड्यावरचं गवत पिवळं दिसलं म्हणून कुणी तक्रार करू नये आणि कुणी टँकर पाठवू नये. घराघरांत पाण्याची वाट पाहणारं शहर आणि त्याच्या मधोमध ओलं गवत, हे मला बघवत नाही.

पहिला चांगला पाऊस झाला की मी चौकातली दूब छाटते. ज्यांना काड्या हव्या असतील त्यांनी सकाळी गोणपाट घेऊन यावं. ते येतानाच भिजवून आणावं, आणि जागा आधी खणून ठेवावी. काड्या दुपारी उन्हात पडून राहिल्या तर निम्म्या सुकतात.