रक्ताचा रिपोर्ट आणि न विचारलेला प्रश्न

सातव्या महिन्यात ताईच्या पायांवर सूज आली. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "तुमच्या लोकांत खाण्याची आबाळच असते." बीपी दोन दिवसांनी मोजलं, तेव्हा ते १७०/११० होतं. ताई वाचली. बाळ गेलं.

पीएच.डी.च्या निमित्ताने मी या आजारावरचे, प्री-एक्लॅम्प्सियावरचे, शोधनिबंध वाचू लागले. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंदावायला हव्यात. त्यात आईच्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचाही हात असतो. ते बिनसलं की वारेला रक्त कमी पडतं, ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो आणि वारेतून सुटलेली प्रथिनं आईच्या रक्तवाहिन्यांना इजा करतात. अनेक अभ्यासांत अशा बायकांच्या रक्तात मॅलोनडायअल्डिहाइड आणि इंटरल्युकिन-६ वाढलेलं दिसतं. पण हा ताण घटवायला क आणि ई जीवनसत्त्वं देऊन पाहिली, तेव्हा मोठ्या चाचण्यांत आजार टळला नाही. म्हणजे सगळा दोष बाईच्या ताटावर ढकलता येत नाही.

जीव वाचवणारे उपाय मात्र साधे आहेत. दर भेटीत बीपी मोजणं, लघवीतली प्रथिनं तपासणं, गरज पडल्यास मॅग्नेशियम सल्फेट. २००२ च्या मॅग्पाय चाचणीत या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटवला. मग प्रश्न उरतो तो हा: बीपीचा पट्टा कुणाच्या दंडाला वेळेवर बांधला जातो आणि कुणाला बाकावर बसवून ठेवलं जातं?

जात रक्तात नसते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं. ती वागणुकीत असते. पण ही वागणूक मोजायची कशी? नमुना नोंदणी प्रणालीने २०१८-२० साठी देशाचा मातामृत्यू दर लाखामागे ९७ दिला. राज्यवार आकडे दिले, जातवार दिले नाहीत. रक्तातला रेणू मोजणाऱ्या देशाला हे मोजणं अवघड नाही.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना बाबासाहेबांनी बाळंतिणीची जबाबदारी सरकारवरही टाकली होती. ती मागणी पुढे नेणं आपलं काम आहे. घरात रिपोर्ट वाचू शकणारे आपण पहिलेच. बहिणीचं, वहिनीचं माता-बाल संरक्षण कार्ड उघडा. बीपीचा रकाना रिकामा असेल तर तिथल्या तिथे विचारा. आणि मातामृत्यूचे जातवार आकडे मागा. मीही मागणार आहे.