कोकोपीटची वीट विकत आणि सोडणं बंबात; रत्नागिरीत असं का होतं?

रत्नागिरीत नारळ सोलला की सोडण जातं कुठे? बऱ्याच घरांत बंबाखाली, नाहीतर परड्यातल्या ढिगावर. आणि त्याच घराच्या गच्चीतल्या कुंडीत काय असतं? प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आलेल्या कोकोपीटच्या विटेचा भुसा. ही वीट बहुतेक वेळा तामिळनाडूत किंवा केरळात तयार झालेली असते. ज्या वस्तूचा कच्चा माल दारात पडलाय, तीच वस्तू शेकडो किलोमीटरवरून विकत आणायची, हे जरा विचित्रच आहे. पण याला ‘कोकणी माणसाचा आळस’ हे नेहमीचं उत्तर पुरत नाही. खरी अडचण पाण्याची, मिठाची आणि उन्हाची आहे.

आधी ‘पीट’ म्हणजे काय ते बघू. थंड प्रदेशातल्या दलदलीत शेवाळं आणि इतर वनस्पती मरतात, पण पाण्याखाली प्राणवायू कमी असल्याने पूर्ण कुजत नाहीत. त्यांचे थर साचत जातात. हा थर वर्षाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर पीट तयार व्हायला हजार वर्षं. जगातल्या फक्त ३ टक्के जमिनीवर पीट आहे, पण सगळ्या जंगलांतल्या झाडांमध्ये मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून जास्त कार्बन त्यात अडकलेला आहे. (रत्नागिरीच्या जांभ्याखालीही काही ठिकाणी लिग्नाइटचे पातळ थर सापडले आहेत. लिग्नाइट म्हणजे लाखो वर्षं दबून गेलेलं पीटच.)

युरोपात रोपवाटिका आणि घरगुती बागा अनेक दशकं या पीटवर चालल्या. ते हलकं असतं, पाणी धरून ठेवतं आणि मुळांना हवाही देतं. पण दलदल उकरली की साठलेला कार्बन हवेत जातो. म्हणून तिथे पीट कमी करण्याचा दबाव वाढला. ब्रिटन सरकारने २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या हौशी बागकामासाठी पीटची विक्री २०२४ पर्यंत बंद करण्याची घोषणा केली. ठरलेल्या मुदतीत कायदा काही झाला नाही, पण बाजाराने पर्याय शोधायला सुरुवात केलीच होती. तो पर्याय म्हणजे नारळाच्या सोडणातला भुसा.

सोडणाच्या वजनात काथ्याचे धागे साधारण ३० टक्के आणि भुसा ७० टक्के. काथ्या कारखान्यांच्या मागे या भुशाचे डोंगर साचायचे. लवकर कुजतही नाही, कारण त्यात लिग्निन भरपूर. आता तोच भुसा दाबून विटा करून परदेशी जातो. २०२०-२१ मध्ये भारताची काथ्या आणि काथ्याच्या वस्तूंची निर्यात सुमारे ३,७७९ कोटी रुपये होती, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा या भुशाचा होता. दोऱ्या, पायपुसणी, चटया मागे पडल्या. टाकाऊ माल पुढे गेला.

मग ‘घरच्या घरी कोकोपीट बनवा’ म्हणणाऱ्या रील्स बघून सोडण मिक्सरमध्ये फिरवलं की काम झालं का? नाही. कच्च्या भुशात पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड हे क्षार असतात, शिवाय टॅनिन. सोडणं खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर मीठ आणखी वाढतं. अशा भुशात मिरचीचं रोप लावलं की पानांच्या कडा करपतात. त्यामुळे भुसा गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. धुऊनही काही सोडियम-पोटॅशियम भुशाला चिकटून राहतं आणि वरून दिलेलं कॅल्शियम भुसा स्वतःच धरून ठेवतो, रोपाला मिळू देत नाही. म्हणून निर्यातीचा चांगला माल कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून पुन्हा धुतात. विटेवर ‘लो ईसी’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ क्षार कमी आहेत एवढाच.

आणखी एक गैरसमज. कोकोपीट हे खत नाही. त्यात कार्बन आणि नत्राचं प्रमाण सुमारे ११२ ला १ असतं. तो कुजवताना जिवाणू आजूबाजूचं नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळं पडतं. त्याचं खत करायचं तर एक टन भुशाला ५ किलो युरिया आणि धिंगरी अळंबीच्या जातीतली बुरशी वापरून साधारण महिनाभर कुजवायची पद्धत आहे. मग ते प्रमाण २४ ला १ पर्यंत उतरतं.

इथेच रत्नागिरीचं गाडं अडतं. धुवायला गोडं पाणी हवं, वाळवायला कडक ऊन आणि मोकळी जागा. पोल्लाचीच्या कोरड्या हवेत वर्षातले बरेच महिने भुसा अंगणात पसरता येतो. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर ३ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो भुसा फुकटात धुऊन देईल, पण वाळवणार कधी? ऊन मिळतं मार्च ते मे, तेव्हा वाड्यांवर पाण्याचे टँकर फिरत असतात. त्यात सोडणं एका जागी नाहीत. दहा-वीस माडांच्या आगरांत विखुरलेली, आणि पोकळ मालाची गाडीभर वाहतूक परवडत नाही.

धुतलेलं पाणीही कुठेतरी जातंच. पोल्लाची भागात विहिरींचं पाणी तांबडं आणि खारट झाल्याच्या तक्रारी झाल्या आणि काथ्या-भुशाचे कारखाने प्रदूषणाच्या ‘पांढऱ्या’ वर्गातून ‘नारिंगी’ वर्गात गेले. जांभा दगड सच्छिद्र असतो. सड्यावर असा कारखाना टाकला तर ते पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत उतरायला वेळ लागणार नाही. ‘कोकणात कोकोपीट उद्योग आणा’ म्हणणाऱ्या भाषणांत हा मुद्दा क्वचितच येतो.

म्हणून सोडण बंबातच जाऊ द्यायचं का? तसंही नाही. ज्या पोटॅशियममुळे रोपं करपतात, तेच पोटॅश माडाला सर्वांत जास्त लागतं. आणि पोटॅश खतासाठी भारत जवळपास पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. म्हणजे कुंडीसाठी जो दोष, तो माडासाठी खुराक. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेची शिफारस जुनीच आहे: माडांच्या ओळींमध्ये, बुंध्यापासून सुमारे ३ मीटरवर चर खणून सोडणं खोलगट बाजू वर ठेवून थरांनी पुरायची आणि प्रत्येक थरावर माती टाकायची. सोडण आपल्या वजनाच्या तीन ते पाच पट पाणी धरतं आणि हा परिणाम पाच-सात वर्षं टिकतो. आळ्यात नुसती पसरायची असतील तर उलटी, फुगीर बाजू वर. यात धुणं नाही, वाळवणं नाही, गाडीभाडं नाही. पाणी झरझर खाली सोडणाऱ्या जांभ्याच्या जमिनीला याचा फायदा जास्तच.

कोकोपीटचा धंदा जिथे खरंच जमू शकतो ती जागा लहान आहे, ती म्हणजे रोपवाटिका. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे १९५५ पासून प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. माडांच्या सावलीत दालचिनी, जायफळ, काळी मिरी घ्यायची ‘लाखी बाग’ तिथलीच. या मसाला पिकांची रोपं पिशव्यांत होतात आणि त्यांना हलकं माध्यम चालतं. पावसात उघड्यावर धुतलेला भुसा, दिवाळीनंतरच्या उन्हात वाळवून, त्याच गावातल्या रोपवाटिकेत वापरला तर विटा दाबायचं यंत्रही लागत नाही. फक्त पिशवी भरण्याआधी मूठभर भुसा पाण्यात टाकून बघायचा. पाणी चहासारखं झालं तर अजून धुवायला हवा.