मतदार ओळखपत्र आहे, तरी मतदार नाही?

मतदाराने ओळख पटवावी, याला आमचा विरोध नाही. बोगस मतदान आम्हालाही नकोच. प्रश्न आहे तो कागद कोणता, हा.

जून 2025 मध्ये बिहारात मतदार यादीची फेरतपासणी सुरू झाली. 2003 च्या यादीत नाव नसलेल्यांकडे निवडणूक आयोगाने 11 पैकी एक कागद मागितला. पासपोर्ट चालेल, मॅट्रिकचे प्रमाणपत्र चालेल. आधार, रेशनकार्ड आणि खुद्द आयोगानेच दिलेले मतदार ओळखपत्र मात्र चालणार नाही! मुसहर टोल्यातली भूमिहीन बाई यातले काय दाखवणार? जातीचा दाखला चालत होता, हे खरे. पण तो काढायला किती खेटे घालावे लागतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आधार धरावे असे सर्वोच्च न्यायालयाने 8 सप्टेंबरला बजावले, तेव्हा कुठे ते बारावे कागदपत्र झाले.

बाबासाहेबांनी 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा मत मालमत्ता आणि शिक्षण पाहून मिळत होते. आज मॅट्रिकचे प्रमाणपत्र मागणे ही तीच अट मागच्या दाराने आणणे नव्हे काय?

कार्यकर्त्यांनो, टोळ्या ऊसतोडीला निघण्याआधी वस्तीत मतदार यादी घेऊन बसा. ज्याचे नाव नाही, त्याचा फॉर्म 6 तिथेच भरून घ्या.