नियम लिहिणारा वकील

रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर कोण, हे आपल्या बाजारात दुकानातल्या पोऱ्यालाही ठाऊक असते. पण नियमाचा मसुदा लिहिणारा सरकारी वकील कोण, हे कोणी विचारत नाही. आमच्या मते किल्ली बहुधा त्याच्याच हाती असते. अमेरिकेतील ज्युली विल्यम्स यांची कारकीर्द व्यापारी बंधूंनी त्यासाठी पाहावी.

तिकडे राष्ट्रीय परवान्याच्या बँकांवर देखरेख करणारी कचेरी १८६३ पासून आहे. तिच्या प्रमुखाला कंट्रोलर ऑफ द करन्सी म्हणतात. विल्यम्सबाई १९९४ मध्ये तेथे मुख्य वकील झाल्या. कंट्रोलर आले नि गेले, बाई २०१२ पर्यंत जागेवर. मध्ये दोनदा, १९९८ आणि २००४-०५ मध्ये, प्रभारी म्हणून सगळी कचेरीही त्यांनीच चालवली.

जॉर्जिया राज्याने २००२ मध्ये जाचक घरकर्जांविरुद्ध कडक कायदा केला. जानेवारी २००४ मध्ये कचेरीने नियम काढला की, कर्जव्यवहारात आड येणारे राज्यांचे असे कायदे राष्ट्रीय बँकांना लागू नाहीत. दलील अशी, की ५० राज्यांत धंदा करणाऱ्या बँकेने ५० तऱ्हेचे नियम कसे पाळावेत? ही दलील आम्हाला चांगली कळते. २०१७ पूर्वी जकात नाक्यांवर ज्याच्या कापडाच्या गाठी अडकून पडल्या, त्याला एकच कायदा हवासा वाटणारच. २००७ मध्ये वॉटर्स विरुद्ध वाकोव्हिया खटल्यात सुप्रीम कोर्टानेही ५ विरुद्ध ३ मतांनी कचेरीचे म्हणणे उचलून धरले आणि बँकेच्या उपकंपनीलाही तीच सूट दिली.

पण जकात नाका उठला म्हणून कोणी पोलीस चौकी उठवत नाही. तिथे राज्याचा पहारेकरीही दूर झाला, आणि जो उरला त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून नव्हे, त्याच बँकांच्या फीमधून चालतो. २००४ मध्येच जेपी मॉर्गन चेस आणि एचएसबीसी यांनी राज्याचा परवाना सोडून राष्ट्रीय परवाना घेतला. आडत ज्याच्याकडून मिळते त्याच्या मालाचे वजन आडत्या कसे करतो, हे आम्ही काय सांगावे!

२००८ च्या पडझडीचे सारे बिल बाईंच्या नावे फाडणे मात्र इन्साफ नव्हे. पुष्कळ वाईट कर्जे राज्यांच्याच देखरेखीखालील कंपन्यांनी वाटली होती. पुढे २००९ मध्ये कोर्टाने राज्यांना आपले कायदे खटला भरून राबवण्याची वाट मोकळी केली आणि २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने उपकंपन्यांची सूट काढली.

२०१२ मध्ये बाई प्रोमोंटरी या बँकांना सल्ला देणाऱ्या पेढीत गेल्या. ती स्थापणारे युजीन लुडविग हे १९९४ मध्ये कंट्रोलर होते. बाईंच्या खुर्चीवर आल्या एमी फ्रेंड, त्याही प्रोमोंटरीतूनच. कायद्यात हे बसत असेल. आमच्या हिशेबाने हा दरवाजा दोन्ही बाजूंनी निदान दोन वर्षे बंद हवा, आणि बँकांची फी आधी सरकारी तिजोरीत जमा व्हावी.